इंदूर–मुंबई–बडोदा–इंदूर : टोलच्या हिशेबानं पाच दिवस

आदली संध्याकाळ

इंदूरच्या मराठी घरांतून नाशिक-मुंबईकडे वर्षाकाठी एखादी फेरी ठरलेलीच. लग्न, मुंज, नाहीतर दिवाळी. पेट्रोलचा अंदाज सगळे काढतात. टोलचा कोणी काढत नाही, आणि परतल्यावर स्टेटमेंट बघून कपाळाला हात लावतात. खरं तर टोल हा पेट्रोलपेक्षाही नेमका काढता येतो, कारण त्याचा दर गॅझेटमध्ये छापलेला असतो. ही पाच दिवसांची वाट मुद्दाम अशी धरली आहे की टोलचे बहुतेक प्रकार तिच्यावर भेटतात: साधा चौपदरी महामार्ग, समृद्धीसारखा बंदिस्त रस्ता, समुद्रावरचा पूल आणि गुजरातेतला कारला माफ असलेला राज्यरस्ता.

निघण्याआधी फास्टॅग काचेवर आतून, आरशामागे, पक्का चिकटलेला आहे ना ते बघायचं. टॅग हातात धरून दाखवायची सवय अनेकांना असते. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचा आदेश जुलै २०२५ मध्ये निघाला आहे. काचेला धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर लहरी आत पोचत नाहीत आणि टॅग वाचला जात नाही. मग दोष बॅलन्सला दिला जातो.

दुसरी गोष्ट वार्षिक पासची. हा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो. सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये होती, आणि त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या (नाका ओलांडला की एक फेरी), जे आधी संपेल ते. म्हणजे फेरीला १५ रुपये. ‘राजमार्गयात्रा’ ॲपवरून चालू टॅगवरच तो चढवता येतो, नवा टॅग लागत नाही. मात्र टॅग गाडीच्या नंबरवर नोंदलेला हवा. नवी गाडी घेताना नुसत्या चासी नंबरवर दिलेल्या टॅगवर पास चढत नाही, आधी बँकेकडून नंबर जोडून घ्यावा लागतो. पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला, पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही.

पास काढला म्हणून वॉलेट रिकामं ठेवू नये. पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेच्या नाक्यांवरच चालतो. समृद्धी, मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू, सी-लिंक इथले पैसे वॉलेटमधूनच कापले जातात. रिचार्ज नाक्याच्या रांगेत उभं राहून करण्यापेक्षा घरूनच केलेला बरा. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर टॅगची स्थिती तत्काळ कळते, पण राज्यरस्त्यांवरचे काही नाके जुन्या पद्धतीवर चालतात. तिथे यादी ठरावीक वेळानंच ताजी होते आणि आत्ता भरलेले पैसे नाक्याला दिसत नाहीत.

१५ नोव्हेंबर २०२५ च्या नियमानं टॅग नसला किंवा बंद असला तर रोखीनं दुप्पट, यूपीआयनं भरल्यास सव्वापट. म्हणजे १०० च्या जागी रोख २००, यूपीआय १२५.

पहिला दिवस : इंदूर ते नाशिक

सकाळचे पोहे-जिलबी उरकून राऊ सोडलं की थोड्याच वेळात सोनवायचा नाका. मग मानपूर उतरून खलघाट, सेंधव्याकडे जामली, बिजासन घाट, आणि घाट उतरला की महाराष्ट्र. पुढे शिरपूर, सोनगीर, धुळ्याबाहेर लळिंग, मग चांदवड आणि पिंपळगाव बसवंत. चारशेच्या वर किलोमीटरचा हा पल्ला पूर्ण राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे पासवाल्यांच्या फायद्याचा.

इथे दराचं गणित एकदा समजून घेतलं की पुढचे दिवस सोपे. राष्ट्रीय महामार्गांचा टोल २००८ च्या नियमांनी ठरतो. २००७-०८ साठी मूळ दर असे होते: कार-जीपला किलोमीटरला ६५ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, दोन आसांच्या (ॲक्सलच्या) ट्रक-बसला २ रुपये २० पैसे, चार ते सहा आसांच्या अवजड गाडीला ३ रुपये ४५ पैसे. त्यावर दरवर्षी १ एप्रिलला ठोक ३ टक्के, शिवाय घाऊक महागाई निर्देशांकातल्या वाढीच्या ४० टक्के. असं चढत चढत कारचा दर आज किलोमीटरला साधारण दीड रुपयाच्या आसपास आला आहे. दुपदरी रस्त्याला चौपदरीच्या ६० टक्के. शेवटी रक्कम जवळच्या पाचाच्या पटीत येते.

म्हणजे महागाई कमी झाली तरी टोल उतरत नाही. तीन टक्के ठरलेलेच.

शिरपूर आणि सोनगीर यांच्यात अंतर कमी वाटतं, सोनगीर आणि लळिंग यांच्यात तर त्याहून. ‘६० किलोमीटरचा नियम कुठे गेला?’ हा प्रश्न गाडीत हमखास निघतो. नियम खरा आहे, पण तो एकाच महामार्गाच्या एकाच टप्प्यावर, एकाच दिशेच्या नाक्यांना लागू होतो. दुसरा टप्पा सुरू झाला की मोजणी नव्यानं. शिवाय कारण नोंदवून जवळ नाका उभारायची मुभा नियमातच आहे. म्हणून नाके मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक नाक्यावरच्या फलकावर तो किती किलोमीटरचा टोल घेतो ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. जवळजवळच्या दोन नाक्यांनी मिळून ९० किलोमीटरचेच पैसे घेतले असतील तर तक्रारीला जागा नाही. फलकावरच्या आकड्याला दीडनं गुणून कापलेली रक्कम फारच पुढे जात असेल, तर त्या टप्प्यात मोठा पूल किंवा बायपास धरलेला असणार. बायपासचा दर दीडपट असतो.

पिंपळगावला कांद्याचे ट्रक रांगेत दिसतात. दोन आसांच्या ट्रकला कारच्या जवळजवळ साडेतीन पट टोल, मोठ्या ट्रकला पाच पटीहून जास्त. नाशिकचा कांदा इंदूरच्या चोईथराम मंडीत पोचतो तेव्हा या नाक्यांचे पैसे त्याच्या भावातच बसलेले असतात. कारवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येतो एवढंच.

राऊ-महूकडच्यांसाठी एक: नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी महिन्याचा स्थानिक पास मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांना होता. पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन त्याच नाक्यावर करून घ्यायचा, आणि तो त्याच एका नाक्यापुरता. रोजची ये-जा असेल तर वार्षिक पासच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतील. तिथे स्थानिक पासच बरा.

दुसरा दिवस : नाशिक ते मुंबई

घोटीचा नाका ओलांडून इगतपुरीला पोचलं की निर्णय करायचा: कसारा घाट उतरून पडघ्याजवळच्या अर्जुनाली नाक्यावरून जायचं, की समृद्धीवर चढायचं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे आणि घाट पूर्ण टळतो. १ एप्रिल २०२५ पासून कारचा दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. ७६ ला गुणलं की १५७ रुपयांच्या आसपास. पास इथे चालत नाही, तेव्हा पासधारकाला एका बाजूला १५ रुपयांची एक फेरी, दुसऱ्या बाजूला रोकडे दीडशे. पास नसलेल्याला फरक इतका बोचत नाही. पावसाळ्यात, धुक्यात किंवा गाडीत म्हातारी माणसं असतील तर दीडशे रुपये देऊन बोगद्यातून जावं. कोरड्या दिवसांत, सकाळच्या वेळी घाट पुरेसा आहे.

समृद्धी ही बंदिस्त पद्धत: शिरताना टॅग वाचला जातो, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. इथली खोच शिरण्याच्या नाक्यावर आहे. दांडा हातानं उचलून ‘जा, जा’ केलं आणि टॅग वाचलाच गेला नाही, तर बाहेर पडताना यंत्राला प्रवेश सापडत नाही आणि सर्वांत लांबचं अंतर धरलं जाऊ शकतं. पूर्ण ७०१ किलोमीटरचे कारचे पैसे १,४४५ रुपयांच्या घरात जातात, हे लक्षात ठेवून शिरताना लेनवरच्या पडद्यावर गाडीचा नंबर उमटला का ते बघावं. नसेल तर लेनचा फोटो वेळेसकट काढून ठेवावा.

वडपे ते ठाणे रुंदीकरण चालू असेल तर वेळेचा काही नेम नाही. खड्ड्यांतून तासन् तास रखडायचं आणि टोलही पूर्ण भरायचा, यावर लोकांचा राग असतो. त्याला कायद्यात आता थोडा आधार आहे. केरळात त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्याच्या अवस्थेवरून थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. पण हे कोर्टात झालं. खिडकीवर हुज्जत घालून एक रुपया सुटत नाही.

शंभर मीटरच्या पिवळ्या पट्टीबाहेर रांग गेली की टोल माफ, हेही अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. ती २०२१ ची सूचना २०२४ मध्ये मागे घेतली गेली. चालू आहे तो २०१८ चा नियम: तुमचा टॅग धड आहे, बॅलन्स आहे, आणि नाक्याचंच यंत्र बंद पडलं, तर शून्य रकमेची पावती घेऊन फुकट जाता येतं. ‘झिरो ट्रान्झॅक्शन’ हेच शब्द वापरावेत, खिडकीतल्या माणसाला तेच कळतात.

मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावर कारला काही द्यावं लागत नाही. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफी आहे.

तिसरा दिवस : अटल सेतूवरून उरण-अलिबाग आणि परत

इथे टोलचं खरं रूप दिसतं. शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, आणि कारला एका बाजूचे २५० रुपये. किलोमीटरला साडेअकरा. कालच्या समृद्धीच्या पाचपटीहून जास्त. परतीसह ३७५, दिवसाचा पास ६२५. दिवसाचा पास ऐकायला बरा वाटतो, पण एका जाण्या-येण्याला तो तोट्याचाच. एक परतीची फेरी आणि एक एकेरी मिळूनच ६२५ होतात, म्हणजे दिवसात दुसरं जाणं-येणं झालं तरच १२५ वाचतात. बॅटरीवर चालणाऱ्या कारला ऑगस्ट २०२५ पासून माफी. दुचाकींना हा पूल बंद आहे.

पूल इतका महाग का, याचं उत्तर राष्ट्रीय महामार्गांच्या नियमात जास्त स्पष्ट सापडतं (अटल सेतू राज्याचा, त्याचा दर वेगळा ठरतो). तिथे स्वतंत्र पूल, बोगदा, उड्डाणपूल, उन्नत मार्ग यांची लांबी दहापट धरली जायची. बारा किलोमीटरचा निव्वळ उन्नत रस्ता म्हणजे हिशेबात १२० किलोमीटर. दीड रुपयानं १८० रुपये. २ जुलै २०२५ च्या दुरुस्तीनं दुसरं गणित जोडलं: एक तर साध्या रस्त्याची लांबी अधिक पुलाच्या लांबीची दहापट, नाहीतर एकूण लांबीची पाचपट, यातलं जे कमी असेल ते. तोच बारा किलोमीटर आता ६० धरला जातो, म्हणजे ९० रुपये.

बातम्यांत ‘टोल अर्धा’ एवढंच आलं. प्रत्यक्षात फायदा कुठे? ५० किलोमीटरच्या टप्प्यात १० किलोमीटर पूल-बोगदे असतील तर पहिल्या गणितानं ४० अधिक १००, म्हणजे १४०. दुसऱ्यानं २५०. कमी ते १४०, म्हणजे जुनंच. बीजगणित मांडलं तर टप्प्यातला पुलांचा वाटा ४४ टक्क्यांच्या वर गेला तरच नव्या नियमानं पैसे कमी होतात, आणि निम्मा टोल फक्त सगळाच रस्ता पुलावर असेल तेव्हा. इंदूर–नाशिकसारख्या रस्त्याला या दुरुस्तीचा काही उपयोग नाही.

पुलांच्या करारांचं आणखी एक दुखणं दिल्ली–नोएडा डीएनडी पुलानं उघडं पाडलं. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाच्या करारात कंपनीला खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा बांधून दिला होता. न मिळालेला परतावा पुन्हा खर्चातच मिळवायचा. त्यामुळे लोक टोल भरत राहिले तरी वसूल व्हायची रक्कम वाढतच गेली. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये वसुली थांबवली आणि २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. सावकाराच्या वहीत चक्रवाढ व्याज लावलेल्या कुळासारखी प्रवाशांची गत होती. सगळेच पूल असे नाहीत, पण ‘खर्च वसूल झाला की टोल बंद होईल’ असं कोणी सांगितलं तर खर्च म्हणजे काय धरलंय हे आधी विचारावं.

अलिबागला समुद्रावर दोन-तीन तास मिळतात. परतीचे पैसे जातानाच्या व्यवहाराशी जोडले जातात, तेव्हा जाता-येता टॅग एकच हवा.

चौथा दिवस : मुंबई ते बडोदा

दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला किनारी मार्ग फुकट, आणि तोच रस्ता वांद्रे–वरळी सी-लिंकला मिळाला की कारला १०० रुपये (हा दर एप्रिल २०२४ चा). फुकट भाग महापालिकेनं स्वतःच्या पैशानं बांधला म्हणून फुकट. पहाटे सहाच्या आत माहीमवरून जाणाऱ्यानं सी-लिंकवर पैसे घालवू नयेत. नऊनंतर शंभर रुपये वसूल होतात. दहिसरला कारला माफी.

पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८. विरारजवळ खानिवडे, डहाणूकडे चारोटी, गुजरातेत भागवाडा, नवसारीचं बोरियाच, सुरतेजवळ चोर्यासी. सगळीकडे पास चालतो. रस्ता गर्दीचा आणि कंटाळवाणा, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. चोर्यासी मात्र लक्षात ठेवावा. दांडाच नसलेल्या वसुलीसाठी देशात पहिला करार या नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. या पद्धतीत वर कमान असते, गाडी न थांबता खालून जाते, टॅग वाचला जातो आणि कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो घेतो. पैसे मिळाले नाहीत तर नंबरवरून ई-नोटीस येते. अशा ठिकाणी वाकडी, चिखलानं माखलेली किंवा नक्षीदार आकड्यांची पाटी ही पैशांची अडचण होते, कारण टॅग चुकला तर ओळख तिच्यावरूनच.

भरूचला नर्मदा. पहिल्या दिवशी खलघाटला ओलांडली तीच, पण इथे पात्र अफाट. महामार्गाचा तारांनी पेललेला नवा पूल मार्च २०१७ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. शहरातून १८८१ चा गोल्डन ब्रिज दिसतो, आणि त्याच्या शेजारचा जुलै २०२१ चा नर्मदा मैया पूल अंकलेश्वर–भरूच ये-जा करणाऱ्यांचा. दहापटीचं गणित इथे पडताळून बघा: ८० किलोमीटरच्या टप्प्यात दीड किलोमीटरचा पूल असेल तर ७८.५ अधिक १५, म्हणजे ९३.५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या नदीवरचा पूल लांब टप्प्यात मिसळला की कारला वीसेक रुपयांनी जड पडतो. सुटा काढून नाका लावला की तोच डोळ्यांत खुपतो.

भरूचहून बडोद्याला दोन वाटा. जुन्या महामार्गावर करजणचा नाका, पासमधून एक फेरी. दिल्ली–मुंबई एक्स्प्रेसवेचा बडोदा–भरूच तुकडा फेब्रुवारी २०२४ ला खुला झाला. ती बंदिस्त पद्धत, आत शिरणं आणि बाहेर पडणं मिळून एकच फेरी, म्हणजे पासवाल्याला दोन्ही वाटा सारख्याच. पास नसेल तर फरक पडतो: हा तुकडा खुला झाला तेव्हा एक्स्प्रेसवेचा मूळ दर साध्या चौपदरीच्या सव्वापट होता.

बडोद्यात दांडिया बाजारात मुक्काम, रात्री सेव-उसळ. इथली माणसं टोलपेक्षा गंभीरा पुलाबद्दल बोलतात. पादऱ्याहून आणंदकडे महीवरचा १९८५ चा हा पूल ९ जुलै २०२५ ला तुटला आणि २० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर पादरा–बोरसद वाहतूक वासदकडून वळसा घेऊ लागली. टोल नसलेल्या पुलांची तपासणी कोणाच्या पैशानं आणि किती वेळा होते, हा प्रश्न टोलच्या वादात कोणी काढत नाही. तो काढायला हवा.

पाचवा दिवस : बडोदा ते इंदूर

बडोदा–हालोल रस्ता टोलच्या इतिहासातला जुना मानकरी. खासगी भागीदारीतून रुंद केलेल्या देशातल्या पहिल्या राज्यमार्गांपैकी हा, २००० साली सुरू झाला. नाका आजही उभा आहे, पण १५ ऑगस्ट २०१६ पासून गुजरातच्या राज्यमार्गांवर कार-जीप आणि एसटी बसला माफी आहे. भरपाई सरकार देतं. म्हणजे पैसे जातातच, फक्त खिडकीवर नाही. माफीच्या लेनमधूनच जावं. फास्टॅगच्या लेनमध्ये घुसून चुकून पैसे कापले गेले तर परत मिळवण्यात आठवडे जातात.

गोध्र्याला महामार्ग ४७ लागतो. भथवाडा, दाहोद, मग पिटोलला मध्य प्रदेश, झाबुआ, दत्तीगाव, धार आणि शेवटी बेटम्याच्या अलीकडे मेठवाडा. दाहोद–झाबुआ घाटाळ भाग दिवसाउजेडीच ओलांडावा.

इंदूरला पोचल्यावर त्याच रात्री स्टेटमेंट उघडायचं. एसएमएस उशिरा येतात, म्हणून ‘दोनदा कापले’ म्हणण्याआधी टॅग वाचल्याची वेळ बघावी, पैसे वळते झाल्याची नव्हे. एकाच नाक्यावर एकाच वेळेचे दोन व्यवहार असतील तर तक्रार टॅग दिलेल्या बँकेकडे. गाडी त्या दिवशी गेलीच नाही अशा नाक्यावर पैसे गेले असतील तर महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या हेल्पलाइनवर. पास असताना वॉलेटमधून पैसे गेले असतील तर आधी नाका राष्ट्रीय महामार्गाचा आहे का ते बघावं, कारण बहुतेक वेळा तो राज्याचा निघतो. आणि कारचा वर्ग व्हीसी-४ आहे का तेही. छतावर सामानाचा मोठा कॅरिअर बांधलेल्या गाडीला नाक्यावरचं यंत्र कधी कधी हलकं मालवाहू वाहन समजतं आणि फरकाची रक्कम मागून कापली जाते. तक्रारीसोबत आरसीचा आणि गाडीचा समोरून-बाजूनं काढलेला फोटो जोडला की बँकेला दुसरं काही मागायला उरत नाही.